सूक्ष्मप्रक्रियकावरील मापनातील दोष व त्यांचे निदान

सूक्ष्मप्रक्रियक म्हणजे एकाच अर्धसंवाहक चिपवर सामावलेला संगणकाचा मध्यवर्ती प्रक्रियक होय. त्याच्या पिनांवर किंवा अंतर्भागात जे विद्युत् संदेश निर्माण होतात ते पाहण्यासाठी दोलनदर्शक (बदलत्या विद्युत् दाबाचा आलेख पडद्यावर दाखविणारे उपकरण) किंवा तत्सम मापनयंत्र त्याला जोडावे लागते. ही जोडणी एषणीमार्फत करतात. कार्यशाळेत जिला सर्रास प्रोब म्हणतात ती ही एषणी म्हणजे मंडलातील बिंदूला टेकवावयाचे अणकुचीदार टोक, त्यामागील केबल व भूयोजनाची तार यांचा संच असतो. एषणी टेकविताच ती आणि तिच्यामागील यंत्र ही दोन्ही त्या मंडलाचे घटक बनतात. त्यामुळे पडद्यावर दिसणारा संदेश एषणी नसताना तेथे तसाच होता, असे गृहीत धरता येत नाही. वाचन चमत्कारिक आले, तर दोष चिपमध्ये आहे की मापनात, हा प्रश्न पहिला व्यापारी सूक्ष्मप्रक्रियक बाजारात येण्यापूर्वीच उभा राहिला होता. तो सोडविण्याच्या पद्धती पुढील पाच दशकांत कशा घडत गेल्या, ते येथे दिले आहे.

पूर्वपीठिका : जर्मन भौतिकीविज्ञ कार्ल फर्डिनांट ब्राउन यांनी १८९७ साली ऋण किरण नलिका तयार केली व तिच्यातून दोलनदर्शकाचा उगम झाला. तथापि त्यावरून विश्वसनीय कालमापन करता येऊ लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९४६ साली स्थापन झालेल्या टेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९४७ मध्ये ५११ हा दोलनदर्शक विक्रीस आणला. संदेश ठराविक पातळी ओलांडील त्याच क्षणी पडद्यावरील ठिपक्याचा आडवा प्रवास सुरू करण्याची योजना त्यात होती. या योजनेला ट्रिगर म्हणतात. तिच्यामुळे पुनरावर्ती संदेशाचा आलेख पडद्यावर स्थिर राहू लागला. एषणीच्या केबलीतून होणारे परावर्तन ही मात्र मोठी अडचण होती. त्याच कंपनीतील जॉन कोबे व विल्यम पॉलिट्स यांनी केबलीची मधली तार मुद्दाम रोध असलेल्या धातूची वापरून ही परावर्तने शमविली. त्यांना १९५९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. आजही साध्या एषणीत हीच युक्ती वापरली जाते.

पहिली चिप : इंटेल कंपनीचा ४००४ हा सूक्ष्मप्रक्रियक नोव्हेंबर १९७१ मध्ये जाहीर झाला. त्यात सु. २,३०० ट्रँझिस्टर होते व त्याला अवघ्या १६ पिना होत्या. त्याच्या अभिकल्पाचे (आराखड्याचे) काम फेदेरीको फॅगिन यांच्याकडे होते. डिसेंबर १९७० च्या अखेरीस सिलिकॉनाच्या पहिल्या चकत्या त्यांच्या हाती आल्या. चकती तपासणी-मंचावर ठेवून सूक्ष्म सुया टेकविल्या, तर कोणत्याही चिपमधून हालचालीचे चिन्ह दिसेना. अशा प्रसंगी पहिला संशय मापनावर जातो, कारण सुई नीट टेकलेली नसणे ही रोजची गोष्ट असते. एकामागून एक चिपा व नंतर दुसरी चकती घेऊनही निष्कर्ष बदलला नाही, तेव्हा फॅगिन यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पुरलेल्या संपर्कांचा (सिलिकॉनाचे दोन थर एकमेकांस जोडणाऱ्या संपर्कांचा) एक संपूर्ण टप्पा निर्मितीतच राहून गेला होता. म्हणजे मापन बरोबर होते आणि अभिकल्पही बरोबर होता. चूक तिसऱ्याच ठिकाणी होती. जानेवारी १९७१ मध्ये आलेल्या नव्या चकत्यांवरील चिपा काम करू लागल्या.

या प्रसंगात निदानाचा जो क्रम दिसतो तोच पुढे रूढ झाला. एकच वाचन विश्वासार्ह नसते; बिंदू बदलून, नमुना बदलून व शेवटी मापनाची पद्धतच बदलून (येथे विद्युत् मापनाऐवजी प्रकाशीय निरीक्षण) उत्तर तेच राहते का, ते पाहावे लागते. फॅगिन यांच्यासमोरील वाचन निदान सर्व चिपांवर सारखे तरी होते. वाचन दर वेळी निराळे येते तेव्हा काम अधिक बिकट होते.

एषणीचा भार : नेहमीच्या दशमांशी एषणीवर (संदेशाचा दाब एकदशांश करून यंत्राकडे पाठविणाऱ्या एषणीवर) १० मेगोहम हा रोधाचा आकडा छापलेला असतो. तो खरा असला, तरी फसवा आहे, कारण तो फक्त स्थिर दाबाला लागू पडतो. त्या रोधाच्या जोडीला १० ते १५ पिकोफॅराड इतकी विद्युत् धारणा (विद्युत् भार साठविण्याची क्षमता) असते आणि कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) वाढेल तसा धारणेतून होणारा अटकाव कमी होत जातो. १० पिकोफॅराड धारणेचा अटकाव १ मेगॅहर्ट्‌झला सु. १६,००० ओहम, तर १०० मेगॅहर्ट्‌झला केवळ १६० ओहम भरतो. वेगाने चढणाऱ्या स्पंदाच्या दृष्टीने पाहता १० मेगोहमची ही एषणी म्हणजे दीडशे ओहमांचा रोधक टेकविल्यासारखेच होय. एकास एक प्रमाणाच्या एषणीची स्थिती तर याहून वाईट असते. साध्या समाक्ष केबलीची धारणाच मीटरला सु. १०० पिकोफॅराड असते. १९७४ च्या इंटेल ८०८० या सूक्ष्मप्रक्रियकाच्या पत्ता व माहिती वाहणाऱ्या पिनांचे विलंब निर्मात्याने १०० पिकोफॅराड भार धरूनच दिले होते. म्हणजे एकट्या एषणीनेच तो सर्व वाटा खाऊन टाकावा.

याचे परिणाम दोन तऱ्हांचे होतात. पहिला उघड असतो : स्पंदाच्या कडा कलतात, संदेश उशिरा पोहोचतो आणि चांगले चालणारे मंडल एषणी टेकविताच बिघडते. स्फटिक आंदोलकाच्या (क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनांवर कालस्पंद देणाऱ्या मंडलाच्या) बाबतीत हे हमखास अनुभवास येते. स्फटिकाच्या दोन्ही बाजूंस २०–३० पिकोफॅराडांचीच धारित्रे असल्याने एषणीची भर पडताच त्याची कंप्रता सरकते, किंवा आंदोलन साफ थांबते. म्हणून कालस्पंद स्फटिकावर न मोजता सूक्ष्मप्रक्रियकाने बाहेर दिलेल्या कालस्पंदाच्या पिनेवर मोजतात.

दुसरा परिणाम जास्त घातक असतो. एषणीमुळे एखादा संदेश काही नॅनोसेकंद रेंगाळतो आणि नेमक्या त्या रेंगाळण्यामुळेच आधी चुकणारे मंडल सुरळीत चालू लागते. एषणी काढली की बिघाड परत येतो. अशा दोषांना १९८०–९० या दशकात संगणक क्षेत्रात भौतिकीविज्ञ हायझेनबेर्क यांच्या नावावरून एक गमतीदार संज्ञा मिळाली. ती लोकप्रिय झाली असली, तरी अचूक नाही. हायझेनबेर्क यांचे अनिश्चिततेचे तत्त्व निसर्गाची अनुल्लंघनीय मर्यादा सांगते. एषणीने घडणारा बदल मात्र गणिताने काढता येतो, कमी करता येतो व मुद्दाम पुन्हा घडवून आणताही येतो. उदा., एषणी काढून तिच्या जागी तेवढ्याच धारणेचे धारित्र लावले आणि बिघाड पुन्हा नाहीसा झाला, तर दोष त्या संदेशाच्या वेळेत आहे हे सिद्ध होते. येथे मापनाचा दोषच निदानाचे साधन बनतो.

भूयोजनाची तार : नवशिक्या तंत्रज्ञाला सर्वांत जास्त फसविते ती एषणीची लांब काळी तार. सु. १५ सेंमी. लांबीच्या तारेची प्रवर्तकता १५० नॅनोहेन्‍रीच्या आसपास असते. एषणीच्या १० पिकोफॅराड धारणेशी तिचा मेळ होऊन सु. १३० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे अनुस्पंदी मंडल तयार होते. काही नॅनोसेकंदांत चढणारी कड त्यावर आदळली की, घंटा वाजविल्याप्रमाणे ओसरत जाणारी आंदोलने पडद्यावर उमटतात आणि पाहणाऱ्याला ती चिपचीच वाटतात. शिवाय तार व मंडल यांच्यामधला फासा आजूबाजूचे चुंबकीय क्षेत्र पकडतो, ते वेगळेच. यावर एक अत्यंत साधी कसोटी आहे. एषणीचे टोक तिच्याच भूयोजनाच्या चिमट्याला लावून ती जोडी मंडलाच्या भूबिंदूवर टेकवावी. तेथे शून्य दाब दिसावयास हवा. तरीही तरंग दिसले, तर ते निःसंशय मापनातून आलेले आहेत. दुसरी कसोटीही तितकीच सोपी आहे. त्याच बिंदूवर दुसरी तशीच एषणी टेकवावी. पहिलीच्या वाचनात लक्षणीय फरक पडला, तर पहिलीनेही तेवढाच फरक आधीच घडविलेला असणार. या दोन कसोट्यांना मिनिटभरही लागत नाही आणि त्या न करता बदललेल्या निर्दोष चिपांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

दोलनदर्शकाची स्वतःची गतीही विचारात घ्यावी लागते. १०० मेगॅहर्ट्‌झ क्षमतेचे यंत्र ३·५ नॅनोसेकंदांहून कमी वेळात चढणारी कड जशीच्या तशी दाखवू शकत नाही. तितक्याच वेळात चढणारा खरा संदेश त्यावर सु. ५ नॅनोसेकंदांचा दिसतो, कारण दोन्ही काळांच्या वर्गांची बेरीज होते. एषणीतील समायोजक धारित्र नीट जुळविलेले नसेल, तर चौकोनी स्पंदाचे कोपरे गोल किंवा टोकदार दिसतात. म्हणून प्रत्येक दोलनदर्शकावर जुळवणीसाठी चौकोनी तरंगाचा खुंट दिलेला असतो.

बसवरील गोंधळ : वरील सर्व दोष कोणत्याही वेगवान मंडलात संभवतात. सूक्ष्मप्रक्रियकाने त्यात अगदी नवी भर टाकली. पिनांची संख्या मर्यादित असल्याने एकाच संवाहकावरून निरनिराळ्या क्षणी निरनिराळी माहिती जाते. ४००४ मध्ये स्मृतीचा १२ अंकी पत्ता चारच संवाहकांवरून तीन हप्त्यांत जाई आणि मग त्याच वाटेने आज्ञा परत येई. १९७६ च्या ८०८५ मध्ये आठ संवाहक आधी पत्त्याचा खालचा भाग व नंतर माहिती वाहतात. त्यांवर पत्ता कोणत्या क्षणी आहे हे एका वेगळ्या पिनेवरील स्पंदावरून कळते. भारतातील, त्यात महाराष्ट्रातीलही, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत या सूक्ष्मप्रक्रियकाचे प्रशिक्षण संच अनेक दशके वापरात राहिले. त्याच्या बसवर (सामाईक संवाहकांच्या समूहावर) सरळ एषणी टेकविली, तर पडद्यावर एकमेकांत गुंतलेल्या रेषांचे जाळे दिसते. संदेश पुनरावर्ती नसल्यामुळे प्रत्येक फेरीत निराळा आलेख उमटतो व ते सर्व एकावर एक पडतात. येथे मंडल निर्दोष असते, एषणीही निर्दोष असते. यंत्राला विचारलेला प्रश्न तेवढा चुकलेला असतो.

भरीस भर म्हणजे दोन हस्तांतरणांमधल्या काळात बसवर कोणाचाच ताबा नसतो. तेव्हा संवाहक मोकळा तरंगतो आणि त्यावरील दाब शून्य व एक यांच्यामधल्या निषिद्ध पट्ट्यात कोठेही आढळतो. हा दाब पाहून कित्येकदा चिप बाद ठरविली जाते. दोन चिपा एकाच वेळी विरुद्ध दाब लादत असल्या, तरीही असाच अधला-मधला दाब दिसतो आणि तो मात्र खरा दोष असतो. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी १०,००० ओहमांचा रोधक आधी पुरवठ्याकडे व मग भूबिंदूकडे जोडून पाहतात. दाब रोधकामागे गेला, तर संवाहक मोकळा आहे. जागचा हलला नाही, तर कोणीतरी तो धरून ठेवला आहे.

मंडल थांबवून साध्या व्होल्टमापकाने एकेक पिन तपासावी, हा जुना मार्गही येथे बंद झाला. ८०८० मधील माहिती सूक्ष्म धारणांवरील विद्युत् भाराच्या रूपात साठविलेली असे आणि तो भार गळून जाऊ नये म्हणून कालस्पंदांमधले अंतर २ मायक्रोसेकंदांच्या पुढे जाऊन चालत नसे. घड्याळ थांबविले की चिपच्या अंतर्भागातील माहिती नष्ट होई. आरसीए कंपनीचा १८०२ हा स्थितिक रचनेचा सूक्ष्मप्रक्रियक मात्र घड्याळ थांबविल्यावरही आपली स्थिती टिकवून धरी.

तर्क विश्लेषक : अनेक संवाहक एकाच वेळी पाहून त्यांच्यावरील शून्य व एक स्मृतीत नोंदविणारी यंत्रे ह्यूलेट-पॅकार्ड व बायोमेशन या अमेरिकन कंपन्यांनी १९७३ मध्ये बाजारात आणली. त्यांना तर्क विश्लेषक म्हणतात. घटना घडून गेल्यावर तिच्या आधी काय झाले होते ते या यंत्रांमुळे पाहता येऊ लागले; दोलनदर्शकाला ते साधत नव्हते. तथापि प्रत्येक सोयीबरोबर नवी फसगत आली. हे यंत्र दाबाचा आकार पाहत नाही. एक सीमारेषा धरून वरचे ते एक व खालचे ते शून्य असा निवाडा करते. सीमारेषा चुकीची ठेवली, तर सदोष संदेश निर्दोष दिसतो. यंत्राने स्वतःच्या घड्याळाने नमुने घेतले, तर दोन नमुन्यांमधला अरुंद स्पंद निसटतो. सूक्ष्मप्रक्रियकाच्या घड्याळाने घेतले, तर कालस्पंदाच्या कडांमधले काहीच दिसत नाही. या दोहोंपैकी कोणती पद्धत केव्हा वापरावी हा तंत्रज्ञाच्या विवेकाचा भाग आहे. यंत्र तो पुरवीत नाही.

योगायोगाने १९७३ मध्येच अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील टॉमस चेनी व चार्ल्स मोल्नार यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. फ्लिप-फ्लॉप (शून्य किंवा एक साठविणारे मंडल) संदेशाचा नमुना घेत असताना संदेश नेमका त्याच क्षणी बदलला, तर ते दोन्ही स्थितींच्या मधोमध अनिश्चित काळ घोटाळत राहू शकते, हे त्यांनी दोलनदर्शकावरील छायाचित्रांसह दाखविले. अंकीय मंडल शून्य किंवा एकच सांगणार, या समजुतीवर वाढलेल्या अभियंत्यांना ते पचनी पडण्यास वेळ लागला. त्याआधी अशी विचित्र वाचने सैल जोडणी किंवा बाह्य गोंगाट यांच्या खाती टाकली जात. आता काही अनियमित वाचने खरी असून दोष मंडलाच्या मूळ अभिकल्पात असतो, हे मान्य करावे लागले. तर्क विश्लेषकाच्या प्रवेशद्वारीही असेच फ्लिप-फ्लॉप बसविलेले असल्याने, मोजणारे यंत्रही या व्याधीपासून मुक्त नाही.

दुरुस्ती केंद्रांसाठी ह्यूलेट-पॅकार्डने १९७७ मध्ये ५००४ए हे चिन्हांक विश्लेषक आणले. ठराविक चाचणी कार्यक्रम चालू असता एका बिंदूवरून जाणारी शून्य-एकची सबंध माला १६ अंकी पुनर्भरण नोंदणीतून पाठवून तिचे चार अक्षरी चिन्ह हे यंत्र दाखवी. मंडलाच्या नकाशावर छापलेले चिन्ह जुळले की बिंदू निर्दोष. सदोष माला योगायोगाने निर्दोष ठरण्याचा संभव ६५,५३६ मध्ये १ इतकाच होता. या पद्धतीत चिन्ह दर वेळी तेच न आल्यास मापनाची जोडणीच संशयास्पद ठरे, हा तिचा फारसा वाखाणला न गेलेला गुण होय.

स्पर्शाविना मापन : चिपा जसजशा सूक्ष्म होत गेल्या तसतसे आतील संवाहकांवर सुई टेकविणे अशक्य झाले, सुईची धारणाच आतील बिंदूच्या धारणेच्या कित्येक पट होऊ लागली. पर्यायी मार्ग केंब्रिज येथे पूर्वीच सापडला होता. चार्ल्स ओटली व टॉमस एव्हरहार्ट यांनी १९५७ मध्ये इलेक्ट्रॉन शलाकेने अर्धसंवाहकाचे क्रमवीक्षण करताना दाबातील फरक प्रतिमेत उजळ-अंधुक छटांच्या रूपाने दिसतात हे दाखविले होते. १९६८ मध्ये प्लॉज व निक्सन यांनी शलाका तालबद्ध रीतीने खंडित करून वेगाने बदलणारे दाबही टिपले. १९८०–९० या काळात या तत्त्वावरील यंत्रे सूक्ष्मप्रक्रियकांच्या निदानासाठी वापरात आली. पुढे चिपा पालथ्या बसविण्याची पद्धत रूढ झाल्याने त्यांचा संवाहकांचा पृष्ठभाग झाकला गेला. तेव्हा सिलिकॉनातून आरपार जाणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा आधार घेण्यात आला. आयबीएम कंपनीतील जेफ्री कॅश व जेम्स त्सांग यांनी १९९७ मध्ये, ट्रँझिस्टर स्थिती बदलताना स्वतःच जो अत्यंत क्षीण प्रकाश उत्सर्जित करतो, त्याच्या कालनोंदीवरून चिपचे कार्य ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत बाहेरून काहीच लादले जात नाही. मागील बाजूने लेसर शलाका टाकून परावर्तित प्रकाश मोजण्याच्या पद्धतीत मात्र शलाका स्वतःच सिलिकॉनात विद्युत् भार निर्माण करते व उष्णताही देते. त्यामुळे जास्त तरंगलांबीच्या लेसरकडे वळावे लागले.

चिपमधील मापक : इंटेलने १९७५ मध्ये ८०८० साठी अनुकारी यंत्र काढले होते. सूक्ष्मप्रक्रियक खोबणीतून काढून त्या जागी केबलीचे टोक बसवावयाचे व प्रक्रियकाचे काम बाहेरच्या यंत्राने करावयाचे, अशी ती योजना होती. वेग वाढला तसे केबलीतील विलंब असह्य होत गेले. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त चाचणी गटाने सुचविलेली व १९९० मध्ये आयईईई ११४९·१ या नावाने प्रमाणित झालेली योजना याच्या उलट दिशेने गेली. तीत मोजणारी मंडलेच चिपमध्ये घालून चार-पाच पिनांद्वारे त्यांचे वाचन घेतात. प्रथम तिचा हेतू चिपांमधील जोडण्या तपासणे हा होता. लवकरच त्याच वाटेने प्रक्रियकाच्या आतील नोंदण्या वाचणे व कार्यक्रम हव्या त्या ठिकाणी थांबविणे सुरू झाले.

एषणीचा भार यामुळे जवळजवळ संपला, पण हस्तक्षेप संपला नाही. कार्यक्रम थांबविला तरी बाहेरचे जग थांबत नाही; मोटर फिरत राहते, संदेश येत राहतात आणि पुन्हा सुरू केल्यावर दिसणारी स्थिती मूळ ओघातील नसते. थांबविण्याऐवजी माग नोंदवावा म्हटले, तर चिपवरील स्मृती लवकर भरते. वीज वाचविण्यासाठी विश्रांत स्थितीत जाणाऱ्या अनेक लहान प्रक्रियकांत निदान जोडणी लावलेली असताना आतील घड्याळे चालूच ठेवली जातात. त्यामुळे जागे होताना घडणारा बिघाड जोडणी असेपर्यंत दिसत नाही. अशा वेळी तंत्रज्ञ ती जोडणी काढून एखाद्या मोकळ्या पिनेवर कार्यक्रमाकरवी खुणेचे स्पंद पाठवितो आणि ते पाहण्यासाठी आखूड भू-तारेची एषणी पुन्हा हाती घेतो.